तुम्ही विचारलेत म्हणून: मॉडेल तयार मिळते, मग आठ महिने कशात गेले?

आवाज आणि कॅमेरा यांवरून नोकरीच्या मुलाखतीचा सराव करून घेणारे वेब ॲप आम्ही बनवले आहे, असे सांगितले की थोड्या वेळाने एक प्रश्न हमखास येतो: ऐकणारे, बोलणारे एआय मॉडेल आता तयार मिळते, ते जोडले की काम झाले, मग तुमचे आठ महिने गेले कशात? प्रश्न रास्त आहे. ॲपला बोलते करायला आम्हाला जेमतेम दोन आठवडे लागले. उरलेला सगळा काळ त्याने गप्प केव्हा बसावे, हे ठरवण्यात गेला.

सुरुवातीला आम्ही माइकचा कच्चा आवाज वेबसॉकेटवरून, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीवरून, सर्व्हरकडे पाठवत होतो. सेकंदाला 16,000 नमुने आणि प्रत्येक नमुना 16 बिटांचा, म्हणजे सेकंदाला 32,000 बाइट. टेबलावरच्या वायफायवर हे झकास चालले आणि मोबाइलच्या नेटवर्कवर लगेच अडखळले, कारण वेबसॉकेटच्या तळाशी टीसीपी ही सगळा डेटा क्रमाने पोचवणारी पद्धत असते आणि तिथे डेटाचे एक पॅकेट हरवले की ते पुन्हा मिळेपर्यंत मागची सगळी पॅकेट ताटकळत राहतात. म्हणून आम्ही वेबआरटीसी या ब्राउझरमधल्या थेट संभाषणाच्या तंत्राकडे वळलो. ते सहसा यूडीपीवर, म्हणजे हरवलेल्या पॅकेटसाठी न थांबणाऱ्या पद्धतीवर, चालते आणि त्यात आवाज आक्रसून पाठवणारा ओपस कोडेक त्याचे साधारण 20 मिलिसेकंदांचे तुकडे करतो. एखादा तुकडा गळाला तर आजूबाजूच्या आवाजावरून ती जागा भरून काढली जाते आणि कानाला बहुधा पत्ताही लागत नाही. जिथे यूडीपीच अडवले जाते, अशा ठिकाणांसाठी आवाज मध्यस्थासारखा पुढे पोचवणारा टर्न सर्व्हर उभा करावा लागला. हे कष्टाचे काम होते, पण त्यात कोडे असे काही नव्हते.

कोडे पुढे होते. माणसे आपापसांत बोलताना एकाचे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास अंतर असते. आमच्या पहिल्या आवृत्तीत मात्र, बोलणे संपले असे मानण्याआधीच ॲप 500 मिलिसेकंद शांतता पाहत होते, आणि मॉडेलचा विचार व नेटवर्कचा प्रवास त्याच्या वर. तेवढे थांबूनही ते लोकांना मध्येच तोडत होते. एक उमेदवार म्हणाली, ‘‘याची दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे...’’ आणि नेमका शब्द शोधण्यासाठी क्षणभर थांबली. ॲप उत्साहाने म्हणाले, ‘‘छान! आता पुढचा प्रश्न.’’ मर्यादा 1,200 मिलिसेकंदांवर नेली, तर नुसते ‘हो’ म्हणणाऱ्यालाही उत्तरासाठी ताटकळावे लागू लागले.

शांतता ओळखणे आणि बोलणे संपल्याचे ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. आता आम्ही आतापर्यंतच्या वाक्याचा मजकूरही पाहतो: शेवटी ‘कारण’, ‘आणि’, ‘म्हणजे’ असे काही असेल तर ॲप जास्त थांबते. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येत असल्याने ‘मी तिथे तीन वर्षं’ यानंतरची शांतता अर्धवट आहे, हे कळते. अर्थात बोलताना क्रियापद गिळणारेही पुष्कळ असतात, त्यामुळे हा नियम आम्ही इशाऱ्यापुरताच वापरतो.

उलट बाजूचा प्रसंग अधिक फसवा होता. ॲप बोलत असताना माणसाने मध्येच तोंड उघडले, तर ॲपने थांबायला हवे. मॉडेल मात्र आवाज ऐकण्याच्या वेगापेक्षा लवकर तयार करते, म्हणजे पाच वाक्यांच्या उत्तरातले पहिले वाक्य माणसाने ऐकलेले असते तेव्हा मॉडेलच्या लेखी पाचही वाक्ये बोलून झालेली असतात. आम्ही आवाज तोडला, पण संभाषणाच्या नोंदीतली न ऐकलेली चार वाक्ये तशीच राहिली. पुढे ॲप सहज म्हणाले, ‘‘मघाशी सांगितल्याप्रमाणे’’, आणि समोरचा गोंधळला, कारण मघाशी त्याला कोणीच काही सांगितले नव्हते. प्रत्यक्षात किती आवाज वाजला ते मोजून नोंद तिथेच छाटायला लागल्यापासून हे थांबले. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून ॲप स्वतःलाच अडवत असे, तो प्रकार वेगळाच. ब्राउझरची प्रतिध्वनी काढून टाकणारी यंत्रणा स्थिरावेपर्यंत काही क्षण जातात, आणि तेवढ्यात ‘‘नमस्का’’ म्हणून स्वारी गप्प होत असे.

व्हिडिओच अवघड गेला असेल, असे बहुतेकांना वाटते. तसे झाले नाही. मॉडेलला सेकंदाला तीस चित्रे लागत नाहीत, आमच्या कामाला एक पुरते. मात्र उमेदवार कागदावरची आकृती कॅमेऱ्यासमोर धरून ‘‘हे बघा’’ म्हणतो तेव्हा मॉडेलजवळचे चित्र त्याआधीचे, रिकाम्या हाताचे असू शकते; म्हणून बोलणे संपताक्षणी आम्ही एक ताजे चित्र पाठवतो.

थांबण्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. अलीकडे एका उमेदवारापुढे ॲप शहाण्यासारखे बराच वेळ गप्प राहिले, तर त्याने शेवटी विचारले, ‘‘ऐकू येतंय ना?’’ तेव्हापासून लांबलेल्या शांततेत ॲप हळूच ‘हं’ म्हणते, आणि सध्या आमचे काम त्या ‘हं’चा आवाज किती लहान ठेवावा यावर चालले आहे.