पाचशे एक

काल रात्री काकू पाकीट देऊन गेल्या. लग्नात देतात तसलं, वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं. "अथर्व जेवतानाही खाली ठेवत नाही रे ते. केवढं छान करून दिलंस!" अहो काकू, नको, म्हणेपर्यंत लिफ्ट खाली गेली होती. पाचशे एक रुपये. रात्रभर तेच डोक्यात.

तसं केलं काय होतं मी? मियू मिनी प्लस. जुने व्हिडिओ गेम खेळायचं साडेतीन इंची स्क्रीनचं चिनी खेळणं, शर्टाच्या खिशात मावेल एवढं. सोबत आलेलं बिननावाचं मेमरी कार्ड सारखं अडकत होतं. ही कार्डं अशीच असतात, पहिल्यांदा तेच बदलायचं. लॅमिंग्टन रोडवरून बरं कार्ड आणलं, फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलं, ओनियनच्या, म्हणजे या यंत्रासाठी हौशी लोकांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरच्या, फाइली टाकल्या, बटण दाबलं. बाकीचं ते आपापलं करतं. सोल्डरिंग नाही, कुठलं कुलूप फोडणं नाही. याला हॅकिंग म्हणतात ते उगाच. वस्तू त्यांची, कार्ड त्यांचं, आणि ओनियन बनवणाऱ्यांनी ते फुकट वाटायलाच बनवलंय. इथपर्यंत मी कुणाच्याही डोळ्याला डोळा भिडवून बोलेन.

मग जुन्या कार्डावरचे हजारो गेम नव्यावर ओतले. घोडं अडतं ते इथे. ते कारखान्यातूनच भरून आले होते, मी नुसते हलवले, असं म्हणता येईल. पण काँट्रा सापडेना म्हणून माझ्याकडचं टाकलं, ते कुणी सांगितलं होतं?

या कारखान्यांबद्दल मी निलूला ऐकवतो त्या शिव्या आठवल्या. जगभरच्या हौशी लोकांनी रात्री जागून लिहिलेले एम्युलेटर, म्हणजे जुने गेम नव्या यंत्रावर चालवणारी सॉफ्टवेअर, उचलायचे आणि यंत्रात भरून विकायचे. रेट्रोआर्क हे असलंच एक सॉफ्टवेअर, जीपीएल नावाच्या खुल्या लायसन्सखाली आहे, म्हणजे विका, पण सोर्स कोड द्या. स्नेस-नाइन-एक्स या एम्युलेटरच्या लायसन्समध्ये तर धंद्यासाठी वापरू नका असं स्पष्ट लिहिलंय. तरी अशा कित्येक यंत्रांत ते बिनदिक्कत असतं. दुसऱ्याच्या घामावर कमावतात, असं मी म्हणायचो. काल रात्रीपासून मुलुंडला त्यांची एक छोटी शाखा निघाली आहे, मालक मी.

आणि खरी बोच ही की पाकीट हातात आलं तेव्हा मला आनंद झाला होता. साधासुधा नाही, पोटातून. ऑफिसात वर्षभर राबतो तेव्हा कुणी "बरं झालं हो" एवढंही म्हणत नाही. मार्चमधलं ते प्रकरण तर... जाऊ दे. इथे तासाभराच्या कामाचं कुणी कौतुक केलं, तर ते नेमकं या कामाचं! फुकट करत होतो तेव्हा दोस्तीखात्यात खपून जायचं. पैसे आले आणि हिशेब मागायला लागले.

झोप येईना म्हणून कॉपीराइट कायदा उघडला, १९५७ चा. कलम ५२ मध्ये सॉफ्टवेअरच्या बॅकअप प्रतीची मुभा आहे, पण ज्याच्याकडे कायदेशीर प्रत आहे त्याला. माझ्याकडे काय होतं? पिवळी कॅसेट, 'नाइन थाउजंड इन वन'. त्यात गेम मोजून पाच-सहा, बाकी तेच पुन्हा वेगळ्या नावांनी. टीव्हीला लावायचा डबासुद्धा १९८३ च्या फॅमिकॉम या जपानी गेम-यंत्राची नक्कल. आमच्या चाळीत कोनामीचं काँट्रा सगळ्यांना तोंडपाठ होतं आणि कोनामीला एक छदाम गेला नव्हता. म्हणजे मी जे काळजीपूर्वक जपतोय, ती चोरीच्या मालाची बॅकअप प्रत.

इथे मला एकट्यालाच हसू फुटलं, रात्री दीड वाजता.

निलूला सकाळी सांगितलं. ती म्हणाली, "टेलिग्रामवरून सिनेमे उतरवताना कुठे जातो रे हा कीर्तनकार?" मुद्दा बरोबर आहे. पण सिनेमे उतरवण्याचे पैसे कुणी मला पाकिटात घालून दिले नव्हते.

आणि सोडवतही नाही, हेही लिहूनच टाकतो. मारिओ उडीत असताना घाटकोपर येतं, मेट्रोची गर्दी आत घुसते. बटण दाबायचं, खिशात टाकायचं. मुलुंडला उतरून फलाटावरच्या बाकड्यावर बसून पुन्हा चालू केलं की मारिओ तिथेच, हवेत, पाय दुमडलेला. कारखान्याने जे धडपणे केलं नाही ते कुठल्याशा पोरांनी फुकटात करून दाखवलंय. त्या करामतीचं अप्रूप मला गेमपेक्षा जास्त आहे. अथर्वलाही ते कळावं असं वाटत होतं. त्याने दोन बटणं दाबून विचारलं, "यात फ्री फायर नाही?"

पैसे परत केले तर काकूंना राग येईल. पाचशे ओनियनवाल्यांना पाठवावेत, असं आत्ता ठरवलंय. एक रुपया राहू दे.

दुपारी बी विंगमधल्या जोशींचा मेसेज आला: 'तुमचा रेट काय?' मी लांबलचक लिहिलं. कार्ड तुमचं, गेम तुमचे तुम्ही बघा, ओनियन मी टाकून देतो, फक्त चहा पाजा.

त्यांचं उत्तर: 'गेम टाकून देणार नसाल, तर चहा कशाचा?'