तुम्ही विचारलंत म्हणून: निकालानंतर सगळे इकडचे तिकडे होणार, मग मत द्यायचंच कशाला?

तालुक्याच्या गावी मी सव्वीस वर्षं बातमीदारी केली. निवडणूक जवळ आली की लोक मला गाठतात. पूर्वी विचारायचे, "काय, हवा कुणाची?" हल्ली हवेचं कोणी विचारत नाही. विचारतात ते असं: "निवडून आल्यावर हे सगळे इकडचे तिकडे होणार. मग आम्ही मत द्यायचंच कशाला?" विचारणारी बहुतेक पंचविशीच्या आतली मुलं असतात. टिंगल करायला आलेली नसतात. दोन तास रांगेत उभं राहायचं की नाही, हे त्यांना खरंच ठरवायचं असतं. रस्त्यात उभ्या उभ्या दिलेलं उत्तर पुरं पडत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी एक कबूल करतो. प्रश्न खरा आहे. ज्या मुलाने 2019 साली आयुष्यातलं पहिलं मत विधानसभेला दिलं, त्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा. 24 ऑक्टोबरला निकाल लागला. भाजपला 105, शिवसेनेला 56. दोघे युती करून लढले होते, बहुमताला 145 लागत होते, म्हणजे हिशेब सरळ होता. तरी सरकार झालं नाही. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. 23 तारखेला ती पहाटे उठली आणि लोक चहा घेत असतानाच देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी टीव्हीवर दिसला. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिला, त्याच दिवशी दोघांचे राजीनामे. 28 ला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, काँग्रेस आणि राष्ट्रवादीला बरोबर घेऊन. मग जून 2022, शिवसेनेचे आमदार फुटून सुरत, गुवाहाटीला गेले, आणि 30 जूनला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री. पुढच्या वर्षी 2 जुलैला अजित पवार त्या सरकारात. एका विधानसभेत तीन मुख्यमंत्री झाले. चारही मोठ्या पक्षांची माणसं त्या पाच वर्षांत सत्तेच्या बाकांवरही बसली आणि विरोधी बाकांवरही. त्या मुलाने चौघांपैकी कुणालाही मत दिलेलं असो, ते मत कधी ना कधी त्याला नको असलेल्याच्या शेजारी जाऊन बसलंच.

हे काही आताच सुरू झालं असंही नाही. 1978 च्या जुलैत वसंतदादा पाटलांचं सरकार असंच आतून पडलं आणि शरद पवार अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. तेव्हा पक्षांतरबंदीचा कायदा नव्हता. तो आला 1985 साली, बावन्नाव्या घटनादुरुस्तीने. त्यात एक दार उघडं होतं: एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट धरायची आणि सगळे वाचायचे. 2003 साली ते दार बंद केलं. दुसरं राहिलं: दोन तृतीयांश असतील आणि पक्षाचं विलीनीकरण असेल तर चालतं. पण माझ्या मते खरं भगदाड या आकड्यांत नाही, मुदतीत आहे. अपात्रतेचा निर्णय विधानसभेच्या अध्यक्षांनी द्यायचा, हे कायद्यात आहे. किती दिवसांत द्यायचा, हे नाही. शिवसेनेच्या आमदारांवरच्या याचिका जून 2022 पासूनच्या. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला 11 मे 2023 ला. बहुमत चाचणी बोलावण्याचा राज्यपालांचा निर्णय समर्थनीय नव्हता, असं न्यायालयाने म्हटलं, पण ठाकरे यांनी चाचणीआधीच राजीनामा दिला होता, त्यामुळे जुनं सरकार परत आणता येणार नव्हतं. आमदारांचं काय ते अध्यक्षांनी ठरवायचं होतं. अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी 10 जानेवारी 2024 ला ठरवलं: दोन्ही बाजूंचं कोणीच अपात्र नाही. तोवर पुढची निवडणूक त्याच वर्षावर आली होती. निर्णय बरोबर की चूक यावर दोन्हीकडचे वकील बोलतील. पाच वर्षांच्या मुदतीतलं दीड वर्ष ज्या निर्णयाला लागलं, तो मतदाराच्या काय कामाचा, एवढंच मी विचारतो. जुलै 2025 मध्ये तेलंगणच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या अध्यक्षांना तीन महिन्यांत निकाल द्यायला सांगितलं आणि ही व्यवस्था अशीच ठेवायची का, याचा विचार संसदेने करावा असं सुचवलं. ही मुदत कायद्यातच यायला हवी. हे मी भेटेल त्या प्रत्येक आमदाराला सांगत आलोय.

पण मला विचारणाऱ्यांच्या मनात मुंबई असते, आणि मला आठवतो आमच्या नगरपालिकेचा दरवाजा.

2011 च्या डिसेंबरातली निवडणूक. महिलांना निम्म्या जागा मिळाल्यानंतरची आमच्याकडची पहिली. सतरा सदस्य. नगराध्यक्ष तेव्हा सदस्यांतून व्हायचा. निकाल लागला नऊ विरुद्ध आठ. गुलाल अंगावर होता तोच नऊच्या नऊ जण सहलीला गेले. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी: निवडून आलेले सदस्य दुसऱ्या बाजूने फोडू नयेत म्हणून त्यांना मिनीबसमध्ये घालून लांब कुठेतरी नेऊन ठेवतात आणि मतदानाच्या दिवशीच आणतात. त्याला आमच्याकडे सगळे सहलच म्हणतात.

त्या नऊ जणांत एक ताई होत्या. एकतीस मतांनी आल्या होत्या. घरात त्याआधी कोणी राजकारणात नव्हतं. सहलीच्या चौथ्या दिवशी त्यांच्या सासूबाई माझ्याकडे आल्या. कडेवर दीड वर्षांची नात. म्हणाल्या, "तुम्ही पेपरवाले. तुम्हाला ठाऊक असेल. आमची सून कुठं आहे?" मला ठाऊक नव्हतं. फोन लावला तर बंद. सगळ्यांचे फोन पहिल्याच रात्री एका पिशवीत गोळा करून घेतले होते, हे नंतर कळलं. मुलगा बरोबर गेला नव्हता का, असं मी विचारलं. तर तो शेतावर. त्याला कोणी विचारलंच नव्हतं. सासूबाई अर्धा तास बसल्या. पोर झोपलं. जाताना म्हणाल्या, "आम्ही हिला निवडून दिली का पाठवून दिली?"

मतदानाच्या दिवशी सकाळी बस थेट पालिकेच्या फाटकात आली. बायकांना एकसारख्या साड्या, पुरुषांना एकसारखे फेटे. दोन्ही बाजूंनी कार्यकर्त्यांनी हात धरून साखळी केली आणि त्यातून नऊ जणांना आत नेलं. सासूबाई नातीला घेऊन फाटकाशी उभ्या होत्या. पोरीने आईला बघून हाक मारली. ताईंनी मान वळवली, पण मागून माणसं ढकलत होती. आत सभागृहात पीठासीन अधिकाऱ्यांनी नाव पुकारलं आणि नऊ हात वर झाले. मी पत्रकारांच्या बाकावर होतो. बातमीत मी लिहिलं, "नऊ विरुद्ध आठ मतांनी विजयी". बरोबरच होतं ते. आज वाटतं, फाटकाजवळचं लिहायला हवं होतं.

बऱ्याच वर्षांनी ताईंनी मला सांगितलं, "भाऊ, हात वर केला तेव्हा मनात एवढंच होतं की आता घरी जायला मिळेल."

तर मत द्यायचं कशाला? खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही उत्तर सुचलं नसतं. ते मला पुढे सापडलं, आणि तेही निवडणुका बंद पडल्या तेव्हा.

ताई 2016 ला पुन्हा निवडून आल्या. मधल्या काळात त्यांनीही एकदा गट बदलला. त्याचं मी समर्थन करत नाही, त्यांनाही तसं सांगितलंय. आमच्या पालिकेची मुदत 2022 च्या सुरुवातीला संपली आणि सदस्यांच्या जागी सरकारने नेमलेले प्रशासक आले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचना यांचे खटले चालू होते, निवडणूक पुढे पुढे जात राहिली. घटनेत पाच वर्षांची मुदत स्पष्ट लिहिलेली आहे, तरी राज्यातल्या पालिका, महापालिका, जिल्हा परिषदा वर्षानुवर्षं लोकप्रतिनिधींविना राहिल्या. मुंबई महापालिका मार्च 2022 पासून तशी होती. नवी मुंबई आणि कल्याण-डोंबिवली तर 2020 पासून. 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलं, मग मुदत 31 जानेवारी 2026 पर्यंत वाढली.

या काळात कोणी पक्ष बदलला नाही, कारण बदलायला कोणी नव्हतंच. सहल नाही, घोडेबाजार नाही. आणि आमच्या गल्लीत पाण्याची लाइन फुटली ती सात आठवडे फुटलेलीच राहिली. मी स्वतः अर्ज घेऊन गेलो. आवक-जावक खिडकीवर शिक्का मारून मिळाला, आवक क्रमांक पडला. पुढच्या आठवड्यात गेलो तर साहेब मीटिंगला. त्याच्या पुढच्या आठवड्यात साहेबांची बदली. नवीन साहेब चांगले होते, पण त्यांना आमची गल्ली कुठे आहे तेच माहीत नव्हतं, आणि ती माहीत करून घेण्याआधी त्यांच्याकडे आणखी एका पालिकेचा चार्ज आला. यात कोणाचा दोष काढायचा? अधिकाऱ्याला कोणी मत दिलेलं नव्हतं, त्यामुळे तो कोणाला उत्तर द्यायला बांधील नव्हता.

लोक मग कुठे गेले माहीत आहे? ताईंच्या दारात. त्या आता कोणीच नव्हत्या, सहीचा अधिकार नाही, गाडी नाही, मानधन नाही. तरी सकाळी सातला कडी वाजायची. त्या लोकांचे अर्ज लिहून द्यायच्या, आवक क्रमांक वहीत टिपून ठेवायच्या, दर सोमवारी खिडकीवर जायच्या. ती वही मी बघितली आहे. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, आणि पान भरलं की पुढच्या पानावर जुने न सुटलेले क्रमांक पुन्हा वर लिहिलेले. आमच्या लाइनचा क्रमांक तिच्यात चार पानांवर होता. पाचव्यावर नव्हता.

मत दिल्याने मिळतं ते हे: एक दार. त्या दारातला माणूस उद्या फुटेल, फसवेल, गट बदलेल, हे सगळं होतं. पण त्याचं घर तुमच्या वाटेवर असतं आणि पाच वर्षांनी त्याला पुन्हा तुमच्या पायरीशी यावं लागतं. प्रशासकाच्या काळात हे दार नसण्याची किंमत मी भरली आहे, म्हणून रांगेत उभं राहू नका असं मी कोणालाच सांगू शकत नाही.

मात्र मतदान करून घरी बसायचं नाही. निकालानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत महत्त्वाचे, आणि नेमके तेव्हाच आपण गुलाल धुऊन झोपतो. या दिवसांत गटनोंदणी होते. पालिकेत एका पक्षाचे किंवा आघाडीचे सदस्य सह्या करून जिल्हाधिकाऱ्यांकडे आपला गट नोंदवतात, गटनेता ठरवतात. स्थानिक संस्थांसाठी पक्षांतराचा वेगळा कायदा आहे, 1986 चा, आणि पुढे कोण कुणाचा व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, मोडतो याचा वाद आला की हीच नोंद बाहेर काढतात. आपल्या प्रभागातल्या सदस्याची सही कुठल्या गटाच्या कागदावर आहे, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं. मी मागतो. मिळतं. छापलं की फरकही पडतो, कारण बहुतेकांना आपली सही कोणी बघेल असं वाटतच नाही.

आता नगराध्यक्ष थेट निवडून येतो. 2 डिसेंबर 2025 ला आमच्याकडे मतदान झालं तेव्हा प्रत्येकाने तीन मतं दिली, एक नगराध्यक्षाला आणि दोन प्रभागाला. तेवढी एक सहल वाचली. पण नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात जास्त सदस्य दुसऱ्याचे, असं झालं की जुळवाजुळव नव्याने सुरू होते. उपनगराध्यक्ष, विषय समित्या, स्वीकृत (मतदानाने न येता नेमले जाणारे) सदस्य, सगळीकडे आकडे लागतात. अंबरनाथमध्ये 2026 च्या जानेवारीत भाजप आणि काँग्रेसचे नगरसेवक एका आघाडीत आले. काँग्रेसने आपल्या बारा जणांना निलंबित केलं, तर ते भाजपमध्ये गेले. तिथल्या काँग्रेसच्या मतदाराला आज कोणी विचारलं की तुझं मत कुठे आहे, तर तो काय सांगेल? मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं, आणि त्याने ते बारा दरवाजे रोज वाजवावेत असंही वाटतं.

आमच्या मतमोजणीला या वेळी 21 डिसेंबर उजाडला. एकोणीस दिवस यंत्रं स्ट्राँगरूममध्ये होती. ताई या वेळी उभ्या नव्हत्या. प्रभागातून एक चोवीस वर्षांची मुलगी निवडून आली, बीएस्सी झालेली, घरात पहिलीच. उपनगराध्यक्षाची निवड व्हायची होती, आणि दुपारपासूनच दोन गाड्या तिच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबल्या होत्या. संध्याकाळी मी तिची मुलाखत घ्यायला गेलो तर ताई आधीच ओट्यावर बसलेल्या. लाल पुठ्ठ्याची वही त्यांनी मुलीच्या हातात दिली होती आणि ती एकेक पान उलटत होती. ताईंनी मला बघून न बघितल्यासारखं केलं आणि तिला म्हणाल्या, "जायचं का नाही ते तू ठरव. गेलीस तर फोन मात्र कुणाला देऊ नकोस. आणि आईला सांगून जा, कुठं आहेस ते."