हळदीचा पिवळा आणि ‘उद्या पाठवतो’

संक्रांतीच्या वाणासाठी 40 कोस्टर. ऑर्डर आमच्याच सोसायटीतल्या काकूंची, माझी पहिलीच, आणि हीट प्रेस (कागदावर छापलेलं चित्र तापवून, दाबून वस्तूवर उतरवायचं यंत्र) घरात येऊन जेमतेम पंधरा दिवस झालेले. डिझाइन साधं: कोयरीत हळद-कुंकू, खाली चंद्रकळेचा काळा काठ, वर ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’. यात काय अवघड, म्हणून डिसेंबरच्या मध्यावर मी हो म्हणून बसले.

प्रिंटर, प्रेस, कागद हे सगळं एका रविवारात लागलं, त्याबद्दल तक्रार नाही. प्रिंटर एप्सनचा एल 130, नवा कोरा घेतला. घरातल्या जुन्या प्रिंटरच्या टाक्यांत साधी शाई असेल, तर त्यातच सब्लिमेशनची, म्हणजे असं तापवून उतरवायच्या छपाईची, शाई ओतायचा मोह आवरा. दोन्ही मिसळतात आणि रंगांचा विचका होतो. या शाईचा गुण असा की कागदावर वाळलेला रंग तापला की न वितळता थेट वाफ होतो आणि पॉलिएस्टरमध्ये किंवा वस्तूवरच्या पॉलिमरच्या लेपात शिरून बसतो. म्हणून कॉफीचा मग असो की कोस्टर, घेताना ‘कोटेड’ विचारून घ्यायचं. काकूंच्या जाऊबाईंना हेच डिझाइन काळ्या सुती पिशव्यांवर हवं होतं. सुती कापड हा रंग धरत नाही, आणि यात पांढरी शाईच नसते, त्यामुळे काळ्यावर काही उमटत नाही. हे त्यांना तीनदा सांगितलं. त्या अजून म्हणतात, मला जमत नाही म्हणून नाही म्हटलं.

पहिला कोस्टर 190 अंशांवर 80 सेकंद दाबला. (कागदावर छापलेलं फिकट, मळकट दिसतं. घाबरू नका, खरा रंग तापल्यावर येतो.) कागद सोलला तर हळद तपकिरीकडे झुकलेली, कुंकू गेरूसारखं, आणि चंद्रकळेचा काळा म्हणजे दोनदा उकळलेली चहाची पावडर. काकूंनी हातात घेऊन उन्हात धरला. “ही हळद आहे का गं? मोहरी फेसून लावल्यासारखी दिसतेय.”

मी तापमान वाढवलं, कमी केलं, वेळ बदलली. 11 कोस्टर वाया गेले. शेवटी शाईवाल्याला फोन केला. तो म्हणाला, “मॅडम, आयसीसी प्रोफाइल टाकलीत का?” ही एक छोटीशी फाइल असते. अमुक शाई, अमुक कागद, अमुक प्रिंटर असं त्रिकूट जमलं की कुठला रंग किती सोडायचा, ते ती कॉम्प्युटरला सांगते. म्हटलं, पाठवा. म्हणाला, “उद्या पाठवतो.”

तो उद्या नऊ दिवसांनी उजाडला. मधल्या काळात माझ्या प्रत्येक मेसेजवर दोन निळ्या टिका आणि उत्तर शून्य. स्टेटसवर मात्र रोज सकाळी नवीन मग, नवीन किचेन, ‘होलसेल दरात उपलब्ध’. मी सकाळी उठून आधी त्याचं स्टेटस बघायला लागले होते, इतकी वाईट अवस्था. फाइल आली तर तिच्या नावातच 805. एल 805 सहा रंगांचा प्रिंटर, माझा चार रंगांचा. हे सांगितलं तर, “चालते मॅडम, टाकून तर बघा.” टाकली. कुंकू जांभळं झालं. परत फोन, परत “उद्या”. आणखी आठ दिवस. काकू रोज जिन्यात भेटायच्या. काही विचारायच्या नाहीत, नुसत्या हसायच्या. त्यापेक्षा विचारलेलं परवडलं असतं.

9 जानेवारीला बरोबर फाइल आली. उजवं क्लिक करून इन्स्टॉल केली, फोटोशॉपमध्ये निवडली, छापलं, दाबलं. हळद आता मोहरीवरून कढीवर आली होती. मी प्रेस बंद करून सरळ झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या फोटो स्टुडिओत पासपोर्ट फोटो घ्यायला गेले, तेव्हा सहज विषय निघाला. तिथले दादा मान वर न करता म्हणाले, “प्रिंटरचं कलर करेक्शन बंद केलंय का?” नव्हतं केलं. फोटोशॉप प्रोफाइल बघून रंग सुधारत होतं आणि मग प्रिंटरचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) तेच रंग आपल्या अकलेने पुन्हा सुधारत होता. फोटोशॉपमध्ये ‘फोटोशॉप मॅनेजेस कलर्स’ आणि ड्रायव्हरमध्ये कस्टम, अ‍ॅडव्हान्स्ड, ‘नो कलर अ‍ॅडजस्टमेंट’. दोन मिनिटांचं काम. प्रोफाइल मागाल तेव्हा हे दोन्ही त्याच फोनमध्ये विचारून घ्या: माझ्या मॉडेलचीच आहे ना, आणि ड्रायव्हरमध्ये काय बंद करायचं.

घरी येऊन एक छापला. हळद पिवळीधमक, कुंकू लाल, काळा काळाच. एकटीच टाळ्या वाजवल्या.

मध्येच आठवलं म्हणून: कोस्टरवर पारदर्शक पातळ फिल्म असते, ती आधी काढा. माझा एक तिच्यासकट दाबला गेला आणि फिल्म बटर पेपरला चिकटून बसली. छापताना मिरर करायचं विसरलात तर ‘गोड बोला’ उलटं येतं. आणि कागद जागेवर धरून ठेवणारी हीट टेप नीट लावा. प्रेस उघडताना कागद गरम असतानाच सरकला तर अक्षरांना सावली पडते, तिला घोस्टिंग म्हणतात. माझ्या दोन कोस्टरवर तिळगुळाला भूत लागलं होतं.

60 आणले होते, 19 बाद झाले. 40 काकूंकडे गेले, आणि उरलेल्या एकावर माझा चहाचा कप असतो.

ऐन संक्रांतीला शाईवाल्याचा मेसेज आला: “मॅडम, काम झालं ना? छानसा रिव्ह्यू टाका.” उद्या टाकते, असं कळवलंय.