गाढवाच्या दगडाखाली धन असते का?

तुम्ही विचारलेत म्हणून सांगतो: नसते. आमच्या इतिहास मंडळाची माणसे वही आणि टेप घेऊन कोकणातल्या एखाद्या गावात उतरली की चहाच्या आधी हाच प्रश्न येतो, आणि त्यात विचारणाऱ्याचा दोष नाही. वर सूर्य-चंद्र, मध्ये न कळणारी अक्षरे आणि खाली गाढव अशी शिळा पाहिल्यावर ती कोणालाही खजिन्याची खूण वाटावी.

ती असते गद्धेगाळ, म्हणजे बहुधा शिलाहार किंवा यादव काळातले दानपत्र. देवळाला किंवा ब्राह्मणाला जमीन, गाव वा एखादे उत्पन्न दिले की ते शिळेवर कोरून ठेवत; आजच्या भाषेत सांगायचे तर तो दगडातला सातबारा. सूर्य-चंद्र आहेत तोवर दान चालावे, हा वरच्या चित्राचा अर्थ. गाळ म्हणजे शिवी. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती शिवी निरक्षरालाही कळावी म्हणून खाली गाढव आणि स्त्री कोरलेली असते. मुंबईत परळला सापडलेल्या शिलाहार अपरादित्याच्या शके ११०८ च्या लेखात तर संस्कृत मजकूर शापापाशी येताच मराठी होतो. शिवी मातृभाषेतच द्यावी लागते, हे राजाच्या लेखनिकालाही ठाऊक होते.

या शिळा दुपारी वाचता येत नाहीत. ऊन समोरून पडले की झिजलेले अक्षर दगडात विरघळून जाते. म्हणून आम्ही सूर्य कलण्याची वाट पाहतो, नाहीतर अंधार पडल्यावर विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश टाकतो, तेव्हा रेघेच्या कडेला सावली धरते आणि ‘प’ आहे की ‘य’ यावर तासभर वाद घालता येतो. मग ओला कागद ब्रशने ठोकून बसवायचा आणि तो सुकत आला की शाईची पुरचुंडी फिरवून ठसा घ्यायचा. शकाचा आकडा पुसट असेल तर संवत्सराचे, म्हणजे साठ वर्षांच्या फेऱ्यातल्या त्या वर्षाचे, नाव कामी येते: ११०८ मध्ये १२ मिळवून ६० ने भागले की बाकी ४० उरते, आणि चाळिसावे संवत्सर पराभव. नाव आणि बाकी जुळली नाही, तर बहुतेक वेळा चूक आमच्या वाचनात निघते.

धनाच्या आशेने मात्र नुकसान खरेखुरे होते. एका गावात आम्ही पोहोचण्याआधीच कोणीतरी शिळेच्या बुडाशी कंबरभर खड्डा खणला होता. शिळा कलंडून खालच्या खडकावर आपटली आणि उजव्या कडेचा टवका उडाला. ज्या ओळीत दान दिलेल्या गावाचे नाव असावे, तिची शेवटची अक्षरे त्याबरोबर गेली. खड्ड्यात आम्ही तिघे उतरून टवका शोधला, मिळाला नाही. गाढव आणि त्याखालची शिवी तेवढी शाबूत आहे.