धर्मादाय खाट हवी असेल तर अर्ज पहिल्याच दिवशी द्या

मुंबई-पुण्यातली बरीच मोठी, नावाजलेली रुग्णालयं धर्मादाय ट्रस्टची आहेत आणि तिथल्या काही खाटा कायद्यानेच गरिबांच्या हक्काच्या आहेत, हे अजूनही असंख्य घरांना माहीत नसतं. माहीत होतं तेव्हा बहुतेक वेळा डिस्चार्जचा दिवस उजाडलेला असतो आणि हातात लाखांचं बिल असतं. म्हणून हे तपशील दाखल होण्याआधीच ठाऊक असायला हवेत.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये एक योजना लागू केली. तिच्यानुसार धर्मादाय रुग्णालयाने १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवायच्या. म्हणजे दोनशे खाटांच्या रुग्णालयात वीस आणि वीस. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक.

पैसा येतो तो निर्धन रुग्ण निधीतून, ज्याला रुग्णालयात सगळे 'आयपीएफ' म्हणतात. इतर रुग्णांच्या एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम या खात्यात जमा करावीच लागते. वर्षाला पन्नास कोटींची बिलं करणाऱ्या रुग्णालयाच्या खात्यात त्यामुळे एक कोटी जमा व्हायला हवेत. 'निधी संपला' असं काउंटरवर तोंडी सांगितलं जातं तेव्हा हा हिशेब डोक्यात असू द्या आणि नकार लेखी मागा. लिहून द्यायची वेळ आली की पुष्कळदा खाट सापडते.

दाखल होतानाच वैद्यकीय समाजसेवकाला, म्हणजे एमएसडब्ल्यूला गाठा. बिलिंग काउंटरवरचा माणूस सहसा या योजनेबद्दल बोलत नाही. अर्ज त्याच दिवशी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्या. सोबत तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार. पिवळं रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर काम सोपं होतं. केशरी कार्डावर बहुतेक ठिकाणी अडतं, दाखला मागतात. तो सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून निघतो, पण त्याला बरेच दिवस जाऊ शकतात. घरात कुणाला डायलिसिस, कर्करोग, हृदयविकार असं चालू असेल तर दाखला आधीच काढून ठेवा आणि त्याची मुदत संपू देऊ नका.

सगळ्यात जास्त घात होतो तो खोलीच्या निवडीत. 'जनरल वॉर्ड भरलाय, तूर्त ट्विन शेअरिंग (दोन रुग्णांची खोली) घ्या' असं म्हटलं की घाबरलेली माणसं सही करतात. मग तीच सही पुढे करून 'तुम्ही स्वतःहून वरचा वर्ग घेतलात' असं सांगून सवलत नाकारली जाते. जागाच नसेल आणि वरच्या वर्गात जावं लागत असेल तर 'राखीव खाट उपलब्ध नसल्याने' हे शब्द अर्जावर लिहा, मगच सही करा.

तातडीच्या रुग्णाला कागद नाहीत किंवा अनामत रक्कम नाही म्हणून दारातून परत पाठवता येत नाही. आधी दाखल करून प्रकृती स्थिर होईपर्यंत आवश्यक उपचार द्यायचे आणि गरज असेल तर पुढे सरकारी रुग्णालयात पोचवायचं, असं योजनेतच आहे. कागद नंतर आणता येतात.

आता बिल. खाट, निवासी डॉक्टर, परिचर्या, चादरी, पाणी, वीज, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लावायचे नसतात. निर्धन रुग्णाची औषधं, साहित्य, इम्प्लांट (शरीरात बसवायचा कृत्रिम भाग) या सगळ्याचा खर्च निधीतून भागवायचा. दुर्बल घटकातल्या रुग्णाला सेवा सगळ्यात खालच्या वर्गाच्या दराने मिळते, मात्र औषधं, साहित्य आणि इम्प्लांटच्या रकमेपैकी निदान अर्धी त्याला भरावी लागते. आणि ही रक्कम रुग्णालयाच्या खरेदी किमतीने धरायची, छापील किमतीने नाही. गडबड नेमकी इथेच होते. समजा रुग्णालयाला इम्प्लांट चाळीस हजारांना पडलं आणि बिलात छापील ऐंशी हजार लावले. त्याचे अर्धे म्हणजे पूर्ण खरेदी किंमतच रुग्णाने भरली, तरीही कागदावर सवलत दिसते. म्हणून तपशीलवार बिल मागा, इम्प्लांटच्या ओळीवर बोट ठेवा आणि खरेदी किंमत विचारा.

दारातच आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारच्या महात्मा फुले योजनेसाठी बसणाऱ्या मदतनीसाचं टेबल असेल तर आधी तिथेही विचारून घ्या. उपचार महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि धर्मादाय खाटेसाठी भांडावं लागत नाही. मात्र प्रत्येक धर्मादाय रुग्णालय त्या योजनेत असेलच असं नाही.

रुग्णालय दाद देत नसेल तर तक्रार धर्मादाय आयुक्तांकडे: मुंबईत वरळीला, पुण्यात सह आयुक्तांकडे ढोले पाटील रस्त्यावर. रुग्ण आत असतानाच जा, कारण बिल भरून घरी आल्यावर पैसे परत मिळवणं फार लांबतं. सोबत अर्जाची पोच, दाखला आणि त्या दिवसापर्यंतचं बिल न्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नव्हता, असं रुग्णालयाला म्हणता येतं.