वहिनींचं नाव कुठल्याच रकान्यात नव्हतं

बाबांच्या वर्षश्राद्धाची पानं उठली आणि दादाने पिशवीतून कागद काढले. हक्कसोडपत्र. "तुझं सगळं ठाण्यात. इथं येऊन तू काय करणार? मुरबाडला जाऊन एक सही करायची, बस." रागाने बोलत नव्हता तो. आमच्याकडे बहिणी सही करतात, साडी घेतात आणि माहेर राखतात. दोन्ही आत्यांनी तेच केलं.

मी म्हटलं, हिस्सा सोडते, पण वहिनींच्या नावाने. तो हसला. मी मात्र खरंच बोलत होते.

सरळगावच्या पुढे आमचं दोन एकर भात आहे. दादा कारखान्यात पाळीवर जातो, त्यामुळे शेत म्हणजे वहिनीच. शिमगा झाला की शेण आणि पालापाचोळा पसरून राब भाजायचा, मृगाच्या सुमाराला पेरायचं, आषाढात रोपं उपटून मुठी बांधायच्या आणि दिवसभर पावसात वाकून आवणी करायची. मग बेणणी, कापणी, झोडणी. भात निघालं की विहिरीजवळच्या तुकड्यात भेंडी. भेंडी पहाटेच तोडावी लागते, एक दिवस राहिली तरी निबर होते. तिच्या लवेने हात खाजतात म्हणून वहिनी बाबांचा जुना लांब बाह्यांचा सदरा चढवून वाफ्यात शिरतात. बावीस वर्षं हे चाललंय. पण गावात कुणालाही विचारा, शेतकरी कोण? आधी बाबा, आता दादा.

कोर्टनाक्यावरच्या एका वकीलबाईंना कागद दाखवले. त्यांनी सातबारा आणि वारस नोंद वाचली: आई, दादा, मी. म्हणाल्या, हक्कसोड फक्त सहहिस्सेदाराच्या लाभात होतं. वहिनी वारसांत नाहीत, त्यांना द्यायचं तर बक्षीसपत्र करावं लागेल. ठाण्यात बसून पगार घेणारी मी त्या जमिनीची वारस, आणि जिच्या पायांना दर पावसाळ्यात चिखल्या होतात ती कुणीच नाही. तिथून स्टेशनपर्यंत चालत आले तरी हे डोक्यातून जाईना.

माझा हक्क मला फुकट मिळालेला नाही, हेही त्यांनीच नीट समजावलं. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा 1994 मध्येच दिला, पण आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभराचा कायदा 2005 मध्ये बदलला. वडील त्याआधीच वारले असले तरी मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. इतक्या वर्षांनी आलेली गोष्ट साडीच्या बदल्यात सोडायची नाही, असं मी त्या दिवशी ठरवलं. आत्यांना कुणी हे सांगितलंच नव्हतं.

नाव नसल्याने काय होतं ते आमच्या घराने पाहिलंय. दादाचा पाय मोडला त्या साली वहिनी टेम्पोत भात भरून खरेदी केंद्रावर गेल्या. नोंदणी सातबाऱ्याप्रमाणे. "मालकाला पाठवा," म्हणून त्यांना परत फिरवलं. हमीभाव राहिला बाजूला, व्यापारी देईल त्या भावाने भात घालून त्या घरी आल्या आणि त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. पीक कर्ज असो की पीएम किसानचे वर्षाचे 6000, तिथेही आधी सातबारा बघतात. देशाच्या 2015-16 च्या कृषी गणनेत वहिवाटदार म्हणून बायकांची नोंद जेमतेम 14 टक्के आहे. आवणीच्या दिवसांत कल्याण ते मुरबाड एसटीच्या खिडकीतून बघावं, चिखलात कोण वाकलेलं दिसतं.

वकीलबाईंनीच वाट दाखवली. चांदवडला 1986 मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं होतं. पुढे संघटनेचे संस्थापक शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून. 1992 मध्ये सरकारने त्या नावाने योजनाच आणली. नवऱ्याने अर्ज केला की त्याच्या हिश्शात बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं.

दादा चार महिने तयार नव्हता. उद्या भांडण झालं तर, गाव काय म्हणेल, हेच. मी एवढंच विचारलं, "तुझा पाय मोडला होता तेव्हा केंद्रावर कोण गेलं होतं?" त्यावर तो बराच वेळ बोलला नाही. दिवाळीनंतर स्वतःच तलाठ्याकडे जाऊन अर्ज देऊन आला. माझं नाव आहे तिथेच आहे आणि दादाच्या नावाशेजारी आता वहिनींचंही लागलंय.

यंदा 2026 हे संयुक्त राष्ट्रांनी महिला शेतकऱ्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलंय. वहिनींना फोनवर सांगितलं. त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. "ताई, माझ्या माहेरून कागद आलाय," त्या हळूच म्हणाल्या. "भाऊ म्हणतो, एक सही पाहिजे. करू का?"

मी म्हटलं, "वाचल्याशिवाय अजिबात नको. रविवारी पहिल्या एसटीने येते."