मेलेल्या माडातलं बिऱ्हाड

मी गोव्यातल्या पेडणे तालुक्यात बागकामाची कंत्राटं घेतो. मांद्र्यातल्या त्या जुन्या घराच्या मालकीणबाई पुण्याच्या. निवृत्तीनंतर नवराबायको इथे राहायला आलेले. त्यांनी सांगितलेलं काम असं: परसात पक्ष्यांनी घरटी करावीत अशी बाग हवी, आणि त्याआधी परसू 'साफ' हवा. म्हणजे पातेरा (वाळका पालापाचोळा) जाळायचा, चिऱ्यांच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीला, सिमेंट मारायचं आणि विहिरीजवळचा मेलेला माड पाडायचा. पक्ष्यांसाठी त्यांनी लाल-निळ्या रंगाच्या लाकडी पेट्या आधीच आणून पश्चिमेच्या भिंतीवर ठोकल्या होत्या. दुपारभर ऊन खाणारी भिंत, वर पत्र्याचं छप्पर आणि दाराशी बसायला दांडी. त्या दांडीचा फायदा पक्ष्यापेक्षा कावळ्याला जास्त. मार्चच्या उन्हात मी एका पेटीवर हात ठेवला आणि लगेच काढला.

माड कापायला 1984 च्या वृक्ष कायद्याखाली परवानगी लागते. 2016 साली माडाला त्या कायद्यातून वगळलं होतं. गावागावांतून ओरड झाली आणि 2017 साली तो परत आत आला. आमचा परवानगीचा कागद तयार होता. दोरखंड, यंत्रकरवत, दोन पोरं आणि माडावर चढून नारळ पाडणारे पाडेली मामा, सगळे सकाळी आठला हजर.

माड मेला होता गेंड्या भुंग्यामुळे. त्यानं आधी सुई, म्हणजे शेंड्यातलं न उघडलेलं कोवळं पान, खाल्ली, मग सोंड्या हा दुसरा भुंगा शिरला आणि शेंडा गळून पडला. उरलं नुसतं खोड, किंचित स्वयंपाकघराच्या कौलांकडे कललेलं. मामांना म्हटलं, वर दोरी बांधा. ते हसले. "मेल्ल्या माडार हांव चडचो ना, बाब." बरोबरच होतं. कुजलेलं खोड माणसाचं वजन कधी सोडेल सांगता येत नाही. मग त्यांनी सवयीनं कोयत्याच्या पाठीनं खोडावर दोन टोले दिले, आतून किती पोकळ आहे ते ऐकायला.

वरच्या भोकातून एक गोल डोकं बाहेर आलं. पिवळेजर्द डोळे, पांढऱ्या भुवया. आमच्याकडे बघत ते खालीवर, खालीवर डोलायला लागलं. पिंगळा, छोटं घुबड!

शेजारच्या आजी गडग्यापलीकडून म्हणाल्या, "पाडून टाका रे, अभद्र ते." मॅडम मात्र मोबाइल घेऊन धावत आल्या. मी करवत गाडीत ठेवायला सांगितली. पिंगळा स्वतः भोक पाडत नाही. ते काम सोनपाठी सुताराचं. सुतार गेला की त्या ढोलीत पिंगळा, मैना, पोपट, दयाळ यांपैकी जो आधी पोचेल तो राहतो. आणि सुताराला लागतं मेलेलं, मऊ पडलेलं लाकूड. तेच आपण सगळ्यात आधी तोडतो.

आत पिल्लं आहेत का, हे बघायचं कसं? मामा शेजारच्या जिवंत माडावर चढले आणि बांबूच्या टोकाला बांधलेला फोन भोकासमोर धरून क्षणभर चित्रण केलं. प्रकाश पाडू नका, असं मी बजावलं होतं. पडद्यावर तीन पांढुरके कापसाचे गोळे दिसले. आता प्रश्नच मिटला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली असं घरटं मोडणं गुन्हा आहे. परवानगी माडाची होती, पिंगळ्यांची नव्हे.

पण कौलांचं काय? मॅडमचे यजमान हे तिसऱ्यांदा विचारत होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं. बऱ्याच खटपटीनंतर, जिवंत माडावरूनच, ढोलीच्या बरंच खाली फास अडकवला आणि दोन दोर उलट्या बाजूच्या आंब्याला आणि फणसाला ताणले. सालीला काच पडू नये म्हणून मध्ये गोणपाट घातलं. स्वयंपाकघराची मागची पडवी वापरायची नाही, असं ठरलं. पाऊस जूनमध्ये. तोवर पिल्लं उडालेली असणार.

खरी वादावादी पुढे झाली. नारळांच्या ढिगाखाली उंदरांचं औषध टाकलेलं मामांना दिसलं. तो विषारी उंदीर पिंगळ्यानं खाल्ला तर विष त्याच्याही पोटात जाणार, असं सांगून मी ते उचलायला लावलं. "मग उंदीर?" यजमान. मी गडग्याकडे बोट दाखवलं. बिनसिमेंटच्या चिऱ्यांच्या फटींत धामण राहते, सापसुरळ्या राहतात. धामणीचं नाव काढल्यावर मला वाटलं, काम हातचं गेलं! चहा होईपर्यंत मी एवढंच सांगत बसलो की ती बिनविषारी असते आणि उंदीर हेच तिचं जेवण. शेवटी सिमेंट टळलं. पातेराही जाळला नाही. फणसाखाली ओढून ठेवला.

पिल्लं उडाल्यावर मे महिन्यात माड तुकड्यातुकड्यांनी उतरवला. ढोलीचा हातभर तुकडा वेगळा काढून वरून फळीनं झाकला, पाणी निथळायला तळाशी भोक पाडलं आणि आंब्याला बांधला. तोंड पूर्वेला, कारण आपला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. पुढच्या हंगामात पिंगळे तिथे आले नाहीत. मैनांनी ढोली बळकावली. मॅडम जरा हिरमुसल्या, पण आजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. भिंतीवरच्या रंगीत पेट्या अजून रिकाम्या आहेत. त्या उतरवून सावलीत लावायचं काम या दिवाळीनंतर धरलंय.